मामंजींच्या रिव्हॉल्व्हरचं साल

आमच्या देवघरात चांदीचे डोळे असलेलं एक रिव्हॉल्व्हर बसलेलं असतं. ठेवलेलं म्हटलं की माझे सासरे रागावतात, म्हणून बसलेलं. दर खंडेनवमीला त्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा लेप द्यायचा, ही घरची रीत. लेपावर लेप चढत गेले आणि मी लग्न होऊन या घरात आले तोवर त्याचं भरताचं वांगं झालं होतं. नळी कुठल्या बाजूला आणि मूठ कुठल्या बाजूला हे विचारायची सोय नव्हती. तीन वर्षं मी त्याच्या मुठीलाच नमस्कार करत होते, हे पुढं जाऊबाईंनी सांगितलं. चांदीचे डोळे कुणी बसवले ते ठाऊक नाही. कुणाचा तरी नवस असणार. पण डोळ्यांमुळं ते आपल्याकडं बघतंय असं वाटायचं, आणि मी काही त्याच्यासमोर कधी खोटं बोलले नाही.

माझे सासरे हिंमतराव, म्हणजे आमचे मामंजी, त्याचे धनी. वय पंच्याहत्तर. बेंबळीपासून चार मैलांवर आमचं गाव, तिथंच त्यांचा जन्म गेला. सोलापूरच्या पुढं ते कधी गेले नाहीत आणि जायचं कारणही नाही असं सांगतात. सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी. स्वभाव मऊ. कोंबडी कापायची असली की त्यांना रानात काहीतरी काम निघतं. दिवाळीत तर पहिला फटाका वाजला की कानात कापूस घालून मधल्या घरात जाऊन बसतात आणि विचारलं तर म्हणतात, "आवाजाची सवं हाय आपल्याला, पण ह्या पोरांच्या फटाक्यात दम न्हाय."

असा हा माणूस वर्षातून एक दिवस वाघ व्हायचा. तो दिवस दसऱ्याचा.

आमच्या गावात अशी रीत आहे की ज्याच्या घरचं हत्यार सगळ्यात जुनं, त्यानं भैरवनाथाच्या पालखीपुढं चालायचं आणि शिवेवर आपट्याचं पहिलं पान तोडायचं. पालखी उचलायच्या आधी त्यानं देवळासमोर उभं राहून हत्याराचं साल पुकारायचं. मामंजी बेचाळीस दसरे पुकारत आले, "साल अठराशे सत्तावन." मग गोष्ट. तेरणेला पूर आला, त्यात एक गोरा साहेब घोड्यासकट वाहून चालला, मामंजींच्या पणजोबांनी उडी टाकून त्याला काढला, आणि साहेबानं कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून त्यांच्या हातात दिलं. आधी नुसता साहेब होता. मी आल्यावर त्याची मडम आली. गेल्या दोन वर्षांत एक कुत्रंही पुरातून निघालं.

यंदा भावकीतल्या रणधीरनं तलवार आणली. रणधीर मामंजींच्या चुलतभावाचा मुलगा, पाच वर्षं सरपंच होता, ती सवय अजून गेलेली नाही. तलवारीबरोबर त्यानं एक कागद आणला होता, त्यावर शिक्का, आणि दोनशे वर्षं जुनी असल्याचं लिहिलेलं. घटस्थापनेच्या दिवशी देवळात सगळ्यांदेखत तो मामंजींना म्हणाला, "काका, माझ्याकडं कागद हाय. तुमच्या वांग्याचं साल कुणी बघितलंय?"

मामंजी म्हणाले, "आमच्या पणज्यानं बघितलंय."

"मग बोलवा की त्यास्नी."

लोक हसले. मामंजी हसले नाहीत. देवळाचे गुरव गौरीशंकरकाका, त्यांचा शब्द अखेरचा. ते म्हणाले, "दोघांचीबी हत्यारं जाणत्याला दाखवा. दसऱ्याला त्यो सांगंल ते साल धरायचं. जे जुनं, त्याचा मान."

त्या दिवसापासून मामंजींचं जेवण उतरलं. मला उपास होते, त्यांना नव्हते, पण माझ्यापेक्षा त्यांच्याच पोटात कमी जात होतं. मी म्हटलं, "मामंजी, येवढं काय मनाला लावून घ्यायचं?" तर म्हणाले, "पोरी, बेचाळीस वर्षं पुढं चाललोय. पालखीच्या मागनं कसं चालत्यात, मला ठावंच न्हाय."

जाणता म्हणून बोलावलं कोंडीरामभाऊंना. हे पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं बंदुका दुरुस्त करायचे. आता बेंबळीच्या बाजारात कुकर, शेगड्या आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांना एक खोड आहे. कुठलीही वस्तू हातात आली की ते तिचं साल सांगतात. घरात आल्या आल्या चहा घेतला, कप उलटा केला आणि म्हणाले, "शहाण्णव." मग माझ्या शिलाई मशीनकडं बघून, "एक्क्याऐंशी, पण पट्टा नवा." सासूबाई सारजाबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या पदर सावरून आत गेल्या. म्हणाल्या, "त्यांच्या म्होरं बसाया नको बाई."

कोंडीरामभाऊंनी आधीच सांगून टाकलं, "हिंमतराव, एक ऐका. खरं आन् चालू निघालं तर मला ठाण्यात कळवावं लागंल. खोटं निघालं तर गावात. मधलं काय निघालं तर बघू."

"मधलंच निघंल," मामंजी म्हणाले. "खरं हाय, पण म्हातारं हाय."

प्रश्न होता शेंदराचा. तो काढल्याशिवाय काही दिसणार नव्हतं, आणि देवाचा शेंदूर खरवडायचा, तोही नवरात्रात. मी म्हटलं, भैरवनाथाचा कौल घेतल्याशिवाय मी हात लावू देणार नाही. अष्टमीला सकाळी देवळात गेलो. गौरीशंकरकाकांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावली. उजवं पडलं तर खरवडायचं, डावं पडलं तर नाही. अर्धा तास झाला, एकही पडेना. मी डोळे मिटून नाव घेत होते. मामंजींना तंबाखूचा ठसका लागला, ते खोकले, आणि उजवं फूल पडलं. हा कौल धरायचा की खोकला, यावर थोडी चर्चा झाली. काका म्हणाले, "खोकलाबी त्यानंच दिला." मी हात जोडले.

नवमीला सकाळी घटाची पूजा आटोपून ओसरीवर घोंगडं अंथरलं. कोंडीरामभाऊंनी रॉकेल मागितलं. मी दिलं नाही. देवाला रॉकेल लावायला मी काय खुळी आहे? गोडंतेल कोमट करून दिलं. त्यांनी ते फडक्यानं चोळलं आणि एका बाजूनं कवचाचा मोठा तुकडा निघाला, कांद्यासारखा, पापुद्र्यावर पापुद्रा. मी खाली परात धरली होती. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला, खिशातनं भिंग काढलं आणि पापुद्रे मोजायला लागले. शेवटी म्हणाले, "त्र्याहत्तर. वर्साला एक लेप ना?"

"एकच," मामंजी म्हणाले.

"मग सत्तावनपास्नं एकशे अडुसष्ट पायजेत."

मामंजींनी थोडा विचार केला. "मधी सुतक आलं की लेप देत न्हाईत."

"पंच्याण्णव वर्सं सुतक हुतं?"

"भावकी लई मोठीय आमची," मामंजी म्हणाले.

कोंडीरामभाऊंनी फडकं पुन्हा तेलात बुडवलं. तासाभरानं सगळा शेंदूर उतरला. डोळे मी वाटीत काढून ठेवले. लेपासकट हातभर वाटायचं ते रिव्हॉल्व्हर खाली निघालं वीतभर. पण होतं देखणं. काळं, नळी, चाक, घोडा, मुठीच्या तळाशी कडी. मामंजी बसल्या जागी दोन बोटं उंच झाले.

"आता ऐका," कोंडीरामभाऊ म्हणाले. "सत्तावनच्या आगंमागंच्या हत्यारात काडतूस नसायचं. चाकाच्या भोकात पुढनं दारू भरायची, वर गोळी ठासायची, मागं तांब्याची बारीक टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार. तवा चाकाच्या मागं टोपीसाठी खुंट्या पायजेत. हैत का?"

मामंजी वाकून बघायला लागले. "झिजल्या असतील."

"सहाच्या सहा?"

"बेचाळीस वर्षं मिरवतोय ते."

"बरं. मग पुढचं मॉडेल धरू. काडतूस आल्यावर नळी मोडून खाली झुकवायची सोय आली, बिजागरी असती इथं. त्याच्याही नंतर चाक बाजूला उघडाय लागलं. हितं बिजागरी न्हाय, उघडतबी न्हाय. मग ह्यात गोळी घालायची कुठनं?"

"साहेबाला ठावं असंल," मामंजी म्हणाले.

कोंडीरामभाऊंनी घोडा अंगठ्यानं मागं ओढला. तो हलला नाही. चाप दाबला, तोही नाही. चाक फिरवलं तर ते मात्र गरगर फिरलं, थांबेचना. खऱ्या हत्यारात ते एकेक भोकाला अडून थांबतं म्हणे. त्यांनी भिंग लावून नळीत बघितलं. खऱ्या नळीत आतून आटे असतात, गोळीला पीळ द्यायला. यात आटे नव्हते, आणि लांबीनं एक शिवण होती. "सायकलचा दांडा," ते हळूच म्हणाले. मग मुठीवरच्या काळ्या पट्ट्यांवर नख फिरवलं. नख टकटक करत गेलं. बारीक, गोल गोल रेघा. त्यांनी ती पट्टी माझ्या पुढं धरली. "वैनी, वळखा."

मी ओळखलं. माझ्या माहेरी माकणीला मोठ्या काकांकडं ग्रामोफोन होता. "तवा," मी म्हटलं. "गाण्याचा तवा."

"साहेबाला गाण्याचा नाद असंल," मामंजी म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता.

मग कोंडीरामभाऊंनी नळीत तार घातली. ती मध्येच अडली. पुन्हा घातली, पुन्हा अडली. त्यांनी हळूच हत्याराचं तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणाले, "आत कायतरी हाय."

"गोळी," आमचे हे म्हणाले. तोवर ते इतके गप्प होते की मी विसरले होते.

ओसरी रिकामी व्हायला वेळ लागला नाही. मी परातीसह तुळशीमागं गेले. हे माझ्या मागं. मामंजी सगळ्यांच्या आधी गोठ्यात पोचले होते आणि तिथून म्हशीआडून ओरडून सांगत होते की आपण घाबरलो नाही, वैरण बघायला आलोय. एकट्या आत्याबाई दारात उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

कोंडीरामभाऊंनी माझी विणायची आकडी मागवून घेतली, नळीत घातली आणि काहीतरी उपसून घोंगड्यावर टाकलं. काळं, सुरकुतलेलं, बोटाच्या पेराएवढं. त्यांनी ते हुंगलं, नखानं फोडलं, आत बघितलं.

"गोळी हाय का?" गोठ्यातून आवाज आला.

"बी हाय," कोंडीरामभाऊ म्हणाले. "लिंबू हाय हे."

आम्ही पुन्हा ओसरीवर जमलो. लिंबू रिव्हॉल्व्हरच्या नळीत काय करतंय हे कुणाला कळेना. मी मनात दृष्ट काढण्यापासून करणीपर्यंत सगळं फिरून आले. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "टोकाला लावलं असंल. नवरदेवाच्या."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"आता बघताव काय? नवरदेवाच्या कट्यारीच्या टोकाला लिंबू लावत्यात का न्हाय? माझ्या सासऱ्यास्नी लग्नात कट्यार नको हुती. सगळ्यांकडंच असती म्हनले. मला रिवालवर पायजे. मग कल्याणप्पा लोहारानं करून दिलं. माझी सासू सांगायची, मांडवात नवरदेवाच्या कमरंला ह्ये आन् टोकाला लिंबू. भटजी अंतरपाटाच्या आडून दोनदा वाकून बघून आला म्हनं, उडतं का काय."

कोंडीरामभाऊंनी चाकाची खालची बाजू पुसली. तिथं एक बारीक खूण होती, तीन रेघा, पाखराच्या पायासारखी. तीच खूण आमच्या जुन्या विळ्यांवर आणि कोयत्यांवर आहे. कल्याणप्पाची. त्यांनी चाकाच्या भोकात काडी घातली, ती नखाएवढी गेली आणि थांबली. भोकं आरपार नव्हतीच. "भायरनं बघून केलंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "आतनं कसं असतं हे त्याला कुणी दाखवलंच न्हाय. पण हात बघा की."

"लगीन कवाचं?" त्यांनी विचारलं.

"पोलीस ॲक्शन हुऊन निजाम गेल्यावर जो पयला वैशाख आला, त्यातलं," आत्याबाई म्हणाल्या.

"एकोणपन्नास," कोंडीरामभाऊ म्हणाले. "आन् हिंमतराव, तुमी?"

"पन्नास," मामंजी म्हणाले.

"म्हंजे तुमच्यापेक्षा एक वर्सानं थोरलं."

मामंजींनी ती वीतभर वस्तू उचलून मांडीवर घेतली. मग आत्याबाईंना म्हणाले, "तुला ठावं हुतं, तर बेचाळीस वर्षं बोलली का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं न्हाय. आन् तुमी लई चांगलं सांगत हुता," आत्याबाई म्हणाल्या. "कुत्र्याचं तर मला लई आवडलं."

दुपारी पुरणपोळीचं ताट वाढलं. कोंडीरामभाऊंनी चार पोळ्या खाल्ल्या, पण मामंजींनी त्यांच्या पानात तूप वाढता वाढता हळूच "अठराशे कायतरी..." असं म्हटल्यावर ते म्हणाले, "तूप वाढा, नगं म्हणत न्हाय. पण साल बदलत न्हाय. उद्या इचारलं तर एकोणपन्नासच सांगणार." मामंजींनी तूप वाढलं. मग माझ्याकडं येऊन म्हणाले, "पोरी, शेंदूर परत चढंल का?" मी म्हटलं, "मामंजी, चढंल. पण आता मला खालचं ठाऊक आहे, आणि देवाला तर आधीपासून ठाऊक होतं." ते कोठारात जाऊन बसले. माझ्या रोजनिशीत त्या संध्याकाळच्या पानावर मी एवढंच लिहिलंय: मामंजी जेवले नाहीत, भैरवनाथा सांभाळ.

दसऱ्याला देवळासमोर सगळं गाव. पालखी सजलेली. रणधीर फेटा बांधून, तलवार छातीशी, कागद खिशात. मामंजी आले ते कमरेला उघडंवाघडं रिव्हॉल्व्हर खोचून. वांग्याची सवय असलेल्या लोकांना आधी ते ओळखूच आलं नाही. शेजारच्या आळीतल्या बलभीमनं विचारलं, "काका, आपलं जुनं कुठाय?"

गौरीशंकरकाकांनी कोंडीरामभाऊंकडं बघितलं. ते तोंड उघडणार, इतक्यात मामंजी पुढं आले.

"मीच सांगतो," ते म्हणाले. घसा साफ केला. "साहेब न्हवता. मडमबी न्हवती. पूर हुता, पण त्यो सगळ्यांचाच. हे माझ्या बापानं लग्नासाठी कल्याणप्पाकडनं करून घेतलेलं. हे उडत न्हाय, उघडत न्हाय, घोडा हलत न्हाय. हत्यार खोटं हाय. साल खरं हाय. एकोणीसशे एकोणपन्नास."

आमच्या ह्यांनी मान खाली घातली होती. मी पदर तोंडाला लावला, रडू येत होतं की हसू ते मलाच कळत नव्हतं.

"मग झालं की," रणधीर म्हणाला. "मान माझा. चला, उचला पालखी."

"थांबा," कोंडीरामभाऊ म्हणाले आणि हात पुढं केला. "ती आणा हिकडं."

"हिला कागद हाय, भाऊ."

"कागदाचं साल मला कागद बघूनच कळतंय, ह्याच म्हयन्यातला हाय. तलवार द्या."

रणधीरला द्यावी लागली. कोंडीरामभाऊंनी ती उलटी केली, मुठीखालची गोंड्याची दोरी सरकवली आणि बोटानं एक जागा दाखवली. लोखंडाची एक जाड, खरबरीत ओळ होती तिथं. बघायला सगळे लोटले. आमच्या पत्र्याच्या गेटला तशीच आहे.

"वेल्डिंग," ते म्हणाले. "इजेचं. आन् डागडुजी न्हाय, मूळचा जोडच हा, हितल्याच हातचा. गावात ईज कवा आली?"

"भात्तरच्या दुष्काळानंतर," तिघाचौघांनी एकदम सांगितलं.

"म्हंजे कितीबी मागं ताणलं तरी भात्तर. मी तर म्हणंन दोन हजार अठरा, पण ताणू."

रणधीर लालबुंद झाला. "आरं पण माझी तलवार तरी हाय. त्यांचं तर रिवालवरच न्हाय."

गौरीशंकरकाकांनी डोळे मिटले. मी ओळखते, ते देवाशी बोलताना तसे मिटतात. हे म्हणतात की ते हिशेब करताना मिटतात. मग म्हणाले, "रीत साल इचारती. उडतं का, हे आजवर कुणी इचारलं न्हाय, आन् उडालं असतं तर पालखीत पळापळ झाली असती. एकोणपन्नास आधी का भात्तर?"

"एकोणपन्नास," सगळं गाव म्हणालं, शाळेत पाढे म्हणावेत तसं.

"मग पुकारा, हिंमतराव."

मामंजी देवळासमोर उभे राहिले. बेचाळीस वर्षांत गावानं, आणि लग्न झाल्यापासून मी, त्यांचा पुकारा पाठ केलेला. पूर येईस्तोवर पोरं पेंगायला लागायची. यंदा तो दोन ओळींत संपला. "साल एकोणीसशे एकोणपन्नास. कल्याणप्पा लोहाराच्या हातचं, एकदाबी न उडालेलं." गुलाल उधळला आणि पालखी उठली.

ते पुढं निघाले. छाती नेहमीसारखी काढलेली, फक्त चाल जरा सावकाश. रणधीर मागं, तलवार काखेत, छत्रीसारखी. कोंडीरामभाऊंना बायाबापड्यांनी घेरलं होतं. कुणी अडकित्ता दाखवत होतं, कुणी घड्याळ, कुणी समई, आणि ते चालता चालता सालं वाटत होते. मी पालखीच्या दांड्याजवळून चालले होते म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

ओढ्याजवळ मामंजी थोडे रेंगाळले, कोंडीरामभाऊ त्यांच्या बरोबरीला आले, तसं मामंजींनी मान न वळवता विचारलं, "अठ्ठेचाळीस म्हणलं असतं तर चाललं असतं का?"

"न्हाय," कोंडीरामभाऊ म्हणाले.

"बरं," मामंजी म्हणाले, आणि शिवेकडं चालू लागले.